रोज एक रोल

गुरुमूर्तीरावांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हाती आलेलं सगळं फोटो धुण्याच्या यंत्रात घातलं. ते २००२ साल होतं. पेरुंगुडीत तसं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. लग्नसराईत त्यांना जेवायलाही सवड मिळायची नाही.

चारच वर्षांत घरोघरी डिजिटल कॅमेरे आले आणि रोल घेऊन येणारं माणूस दिसेनासं झालं. यंत्राची एक खोड होती. रोज थोडंतरी काम दिलं नाही, तर आतली रसायनं नासायची. म्हणून गुरुमूर्तीराव स्वतःच रोज एक रोल संपवू लागले. बसथांबा, इडलीवाली, नव्या इमारतींच्या परांच्या, दिसेल ते टिपायचं, दुपारी धुवायचं आणि फोटो फुकट वाटायचे. आधी लोक हसून घ्यायचे. पुढे इडलीवालीनं हात जोडले, "किती ठेवू, सार? घरात जागा नाही."

"अहो, तांदूळ आणायला जाता आणि रोल घेऊन येता," श्रीविद्याबाई एकदा नवऱ्यावर कडाडल्या. "विकून टाका ते यंत्र!"

"विकतोच आहे. पण चालू असलं तरच कुणी घेईल ना? बंद पडल्यावर कोण विचारतंय?"

दोन वर्षांपूर्वी एकानं निम्म्या किमतीला मागितलं होतं, तेव्हा यांनीच त्याला दारातून परतवून लावलं होतं. आता तो फोन उचलत नव्हता. गुरुमूर्तीराव गिऱ्हाईक शोधत अड्यार, पुरसवाकम करत शेवटी तांबरमच्या एका लॅबमध्ये पोचले. मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं. ताडपत्रीखाली तशीच दोन यंत्रं उभी होती.

"सार, तुम्हीच यातलं एक घेऊन जा. फुकट."

परतीच्या बसमध्ये त्यांचा थांबा कधी मागे गेला, त्यांना कळलंच नाही.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला सुब्बा घण घेऊन आला. यंत्र अख्खं दारातून निघत नव्हतं. त्यानं घण उचलताच गुरुमूर्तीराव आडवे आले. "थांब! ते झाकण असं निघत नाही." स्क्रूड्रायव्हर घेऊन ते खाली बसले.

"फोडायचंच आहे, सार. स्क्रू कशाला?"

पण ते ऐकेनात. एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवत राहिले. सातव्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर काही केल्या खाचेत बसेना. श्रीविद्याबाईंनी तो हळूच काढून घेतला आणि सुब्बाकडे न बघताच म्हणाल्या,

"कर बाबा तुझं काम."