वीस मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद

आमच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत विजेतलं कळतं ते एका माझ्या नवऱ्याला, ओरेस्टला, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, त्याचा मला आज राग येतो.

लेकीने दिलेली विजेची गाडी त्याने शनिवारी संध्याकाळी अंगणातल्या प्लगच्या खांबाला चार्जिंगला लावली. अशा खांबांवरच्या विजेने आमच्या डॉफिन गावच्या थंडीत पेट्रोल गाड्यांचं इंजिन रात्रभर गरम ठेवतात. चाळीस हिवाळे ओरेस्ट तिथेच प्लग लावत आला होता. गाडी बदलली म्हणून काय झालं, असा त्याचा हिशेब.

सोमवारी दहा वाजता माझ्या पाठच्या बहिणीचं, ओल्गाचं, ऑपरेशन होतं, एकशे साठ किलोमीटरवरच्या शहरात. ती फोनवर म्हणाली, "स्लावका, आत नेण्याआधी तुझं तोंड दिसू दे गं. मला भीती वाटते." ओल्गाने एकदा झाडू घेऊन अस्वल हाकललं होतं. आणि ती असं म्हणत होती.

रविवारी मी ओरेस्टला म्हटलं, "गाडी किती भरली, बघून ये ना."

"दिवा हिरवा आहे. छत्तीस तास मिळतायत तिला. डोकं खाऊ नकोस."

सोमवारी सकाळी सातला बाहेर उणे चौतीस होतं. मी गाडीत बसले. पडद्यावर चव्वेचाळीस टक्के! शनिवारी एकेचाळीस होते. या थंडीत तेवढ्यावर निम्मी वाटसुद्धा सरली नसती.

"गारठ्यात हळू चार्ज होते," ओरेस्ट म्हणाला. "जरा थांबू."

"छत्तीस तासांत तीन टक्के, आता अर्ध्या तासात काय दिवे लावणार आहे ती? जा, एल्मरचा ट्रक माग."

त्याचे पाय तिकडे वळेनात. इमारतीच्या ऑक्टोबरच्या सभेत शेजारच्या एल्मरने विजेच्या गाड्यांसाठी जाड तारेची वेगळी जोडणी मागितली होती, कपडे वाळवायच्या मशीनला असते तशी. तेव्हा आमच्या अध्यक्षमहाशयांनी, म्हणजे ओरेस्टनेच, त्याला भर सभेत उडवून लावलं होतं, "खांब आहेत की!" आता कोणत्या तोंडाने जाणार? तो गाडीभोवती घुटमळत राहिला, प्लग काढून परत लावत राहिला. आणि मी वेडी तासभर ते बघत बसले. शेवटी मीच जाऊन एल्मरचं दार वाजवलं.

एल्मर पायजम्यावरच कोट चढवून किल्ल्या घेऊन आला. खांबाकडे बघून त्याने कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, हा खांब वीस मिनिटं चालतो नि वीस मिनिटं झोपतो. वीज वाचवायला तूच लावलंस ना ते यंत्र? इंजिनाला चालतं तसं. गारठलेली बॅटरी आधी स्वतःला ऊब देते, मगच खायला बसते. जरा ऊब आली की तू तिच्यापुढचं ताट ओढून घेतोस!"

स्वतः लावलेलं यंत्र ओरेस्ट साफ विसरला होता.

रस्त्यावर बर्फ उडत होता. एल्मरला ट्रक हळूच चालवावा लागला. आम्ही पोचलो तेव्हा दहा पस्तीस झाले होते आणि ओल्गाला आत नेलेलं होतं.

दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टोपी काढली तेव्हाच मला कळलं, ओल्गा गेली.

मग सकाळी ओल्गाजवळ असलेली नर्स माझ्याजवळ येऊन बसली. "त्या सारखं तुमचंच विचारत होत्या," ती म्हणाली. "शेवटी मी खोटंच सांगितलं, बहीण आलीये, खाली गाडी लावतेय. तेव्हा कुठे त्या हसल्या. म्हणाल्या, स्लावकाला गाडी लावायला वेळ लागतो, पाच मिनिटं थांबा."

"मग?" मी विचारलं.

"आम्ही थांबलो."