दहा मशीनचा तीन वर्षांचा करार

मी एक करार बोलतोय. स्टॅम्पपेपरवरचा नव्हे, तिजोरीत ठेवायचाही नव्हे. संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत कोणी तरी आकडा लिहिला, खालचं निळं बटण दाबलं आणि माझा जन्म झाला. आयुष्य बरोब्बर तीन वर्षांचं. तुम्हा माणसांना आपले दिवस किती ते ठाऊक नसतं, मला मिनिटासकट ठाऊक आहे. आता आठ दिवस उरलेत, म्हणून म्हटलं, जाण्यापूर्वी थोडं बोलून घ्यावं.

मी नेमका काय आहे ते आधी सांगतो, कारण ज्यांनी मला घेतलं त्यांनाही ते समजायला चार महिने लागले.

देवासला यशराजची एक छोटी कंपनी आहे. धान्यमंडीतल्या व्यापाऱ्यांसाठी ती सॉफ्टवेअर चालवते. ट्रॉली आली, बोली लागली, वजनाचा तौल झाला की पावतीची पर्ची फोनवर हजर. हे काम ज्या संगणकांवर चालतं ते यशराजचे नाहीत. ते कुठल्याशा दूरच्या इमारतीत आहेत, या लोकांपैकी कोणी ते पाहिलेले नाहीत, आणि ते तासाच्या भाड्याने मिळतात. याला क्लाउड म्हणतात.

तासाचं भाडं महाग पडतं. पण 'तीन वर्षं इतकी मशीन घेईनच' असा शब्द दिला, तर तेच भाडं जवळजवळ निम्म्यावर येतं. तो शब्द म्हणजे मी. दुधाचा रतीब लावता ना, तसाच. दूध तुम्ही प्या, मांजराला घाला नाहीतर नासवा, महिन्याचे पैसे चुकत नाहीत. फरक इतकाच की गावाला जाताना गवळ्याला 'उद्यापासून नको' म्हणता येतं, मला म्हणता येत नाही.

मला घ्यावं ही कल्पना कृतिकाची. कृतिका सोनकच्छची, रोज बसने देवासला यशराजकडे कामाला येते. तिचे पूर्वज मराठ्यांच्या लष्कराबरोबर तंबू शिवत इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मराठी वाचायचं म्हटलं की तिला जांभई येते, बिल मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. वडिलांचं शिवणाचं दुकान बंद पडलं होतं आणि घरात पगार असा तिचा एकटीचाच होता. तोही महिन्याच्या बोलीवर. तीस तारीख आली की यशराज म्हणायचा, "चल, अगले महीने का बघू." हे बघणं तेव्हा दीड वर्ष चाललं होतं.

तिने वर्षभराचा वापर तीन आठवडे बसून तपासला. गव्हाच्या दिवसांत दहा मशीन लागतात, सोयाबीनला आठ, आणि पावसाळ्यात मंडी ओस पडली की चार. म्हणून तिने चौकटीत चार लिहिले. तिचं म्हणणं सोपं होतं. जो महिना सगळ्यात हलका, तेवढ्याचाच शब्द द्यायचा, वरची मशीन लागतील तशी तासावर घ्यायची.

पण बटण त्या दिवशी दाबलं गेलं नाही. यशराजचे वडील नारायणराव, ज्यांना घरीदारी सगळे आबासाहेब म्हणतात, त्यांनी ते अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबवलं. मोठी वस्तू घरात आणायची तर मुहूर्तावर, हा त्यांचा जुना दरबारी शिरस्ता. आणि त्या दिवशी यांच्या घरात काहीही अर्ध्या मापाने घेत नाहीत. गूळ आणला तरी आख्खी भेली.

अक्षय्य तृतीया येते वैशाखात. म्हणजे ऐन गव्हात. कंपनीत पूजा झाली, आमरस झाला, आणि यशराज तृप्त होऊन पडद्यासमोर येऊन बसला. वर दहाच्या दहा मशीन धडधडत होती आणि खाली कृतिकाने चार लिहिले होते.

"आज के दिन चार?" तो म्हणाला. "कंजूसी दिसते यार."

कृतिकाने पावसाळ्याचा आलेख उघडून दाखवला. बाहेर बेचाळीस डिग्री होती. अशा वेळी पावसाळा कोणाला खरा वाटतो? यशराजने चार पुसले, दहा लिहिले आणि बारा वाजून सात मिनिटांनी बटण दाबलं.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? चारचा होण्यापेक्षा दहाचा होणं कोणाला नको असतं?

पहिले दोन महिने माझे लाड झाले. बिल निम्म्यावर आलं. यशराजने कंपनीत कचोरी वाटली आणि भेटेल त्याला, दोन लग्नांत तर जेवणाच्या रांगेत उभ्या लोकांना, पैसे कसे वाचवावे ते सांगितलं. कृतिकाचं नाव त्यात कुठे आलं नाही, पण कचोरी तिलाही मिळाली.

मग गहू संपला आणि पाऊस लागला. दहातली सहा मशीन रिकामी बसली. माझं एक पान आहे, ते कृतिकाच्या पडद्यावर दिवसभर उघडं असतं. त्यामुळे खोलीतलं बोलणं मला ऐकू येतं आणि माझी पत तिला दिसते. त्या पानावर लाल अक्षरांत आलं, वापर चाळीस टक्के.

यशराजने आधी ते पान बघणंच सोडलं. न उघडल्याने बिल लहान होतं, अशी माणसांची एक समजूत आहे. नंतर त्याने रिकाम्या मशीनना काम लावायचं ठरवलं आणि स्वतःच्या लग्नाची व्हिडिओ शूटिंग साफसूफ करायला बसवली. पैसे भरलेत म्हणून भूक नसताना चौथी वाटी बासुंदी पिणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. शूटिंग दोन दिवसांत संपली.

ऑगस्टमध्ये मात्र थट्टा संपली. यशराजने कृतिकाला समोर बसवलं आणि टेबलाकडे बघत म्हणाला, "सितंबर तक कहीं और देख ले. मला जमणार नाही."

सहा रिकाम्या मशीनचं भाडं आणि कृतिकाचा पगार, दोन्ही आकडे जवळपास सारखे होते. मला काढता येत नव्हतं. तिला येत होतं.

'मी चारच लिहिले होते' असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त "ठीक है, भैया" म्हणाली आणि माझ्या पानाकडे परतली. मला फार वाईट वाटलं. जो आकडा अंगावर मिरवून मी दोन महिने फुगलो होतो, तोच तिच्या मुळावर आला होता.

नोकरी शोधायला तिच्याकडे महिना होता. तिने तो शोधण्यात घालवला नाही, माझ्यात घालवला.

यशराजचा चुलतभाऊ अजेय धारला असतो. मांडवगडची हॉटेलं आणि गाड्या यांचं बुकिंग तो ऑनलाइन चालवतो. पूर्वी दोघांची कंपनी एकच होती. मग पाटीवर कोणाचं नाव आधी यावरून दोघांचं फाटलं आणि एकीच्या दोन झाल्या. देवासच्या लोकांना यात नवल वाटलं नाही. या गावाने एका रस्त्याच्या अल्याड एक राज्य आणि पल्याड दुसरं असं कित्येक वर्षं नांदवून दाखवलं आहे, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांचं काय घेऊन बसलात.

कंपन्या वेगळ्या झाल्या, पण अजेयचं बिल अजून जुन्या पत्त्यावरही येत होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. बिल दिसलं की वाचायचं, ही तर कृतिकाची खोडच. तिच्या ध्यानात आलं की पावसाळ्यात, जेव्हा देवासची मंडी झोपते, तेव्हा मांडवगडला ढग उतरतात आणि अख्खं इंदूर शनिवार-रविवार तिकडे धावतं. अजेयची मशीन तेव्हा दुप्पट होतात, आणि तो बिचारा त्यांचं पुरं भाडं तासावर भरत असतो. एका कुटुंबाची दोन खाती एका बिलाखाली आणता येतात. मग मी दोघांच्या कामी येतो, जिथे मशीन चालतं तिथे लागू होतो.

यशराजला सांगितलं असतं तर तो धारचं नाव ऐकूनच उठून गेला असता. म्हणून तिने आबासाहेबांना सांगितलं. त्यांना क्लाउडमधलं काही कळलं नाही. पण एकाची रिकामी पडलेली चूल दुसऱ्याच्या कामी येईल, एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा आणि मुलगी इंदूरला बस बदलून धारला गेली. मीही गेलो, कृतिकाच्या फोनवर.

अजेयने काकांच्या पाया पडून चहा मागवला. कृतिकाने दोन आलेख एकावर एक ठेवून दाखवले. देवासला जिथे खड्डा होता, तिथेच धारचा उंचवटा बसत होता. वर्षाला त्याचेही बरेच पैसे वाचत होते. मग त्याने त्याच्या मते मुख्य प्रश्न विचारला. बिलावर आधी नाव कोणाचं?

"दादा, नाम है ही नहीं," कृतिका म्हणाली. "फक्त बारा आकडी नंबर असतो."

अजेयचा चेहरा मोकळा झाला. आबासाहेबांनी तिथूनच यशराजला फोन लावला. तो पाच मिनिटं रागावला आणि मग त्यानेही तेच विचारलं, बिलावर आधी नाव कोणाचं? हे दोघे सख्ख्यासारखे भाऊ आहेत, हे मला तेव्हा पटलं.

सप्टेंबरच्या आधी खाती जोडली गेली. माझ्या पानावरची लाल अक्षरं हिरवी झाली, वापर शहाण्णव टक्के. कृतिका राहिली. भाऊ एकमेकांशी बोलायला लागले असं मात्र नाही हं, पण बिलावर बोलायला लागले. गेल्या दिवाळीला बिलावर बोलता बोलता फराळावरही आले, म्हणजे प्रगती आहे.

त्यानंतरची अडीच वर्षं माझी सुखाची गेली. गव्हात मी देवासचा, पावसाळ्यात धारचा. एक गोष्ट तेवढी मला खटकत राहिली. दर महिन्याच्या तीस तारखेला यशराज कृतिकाला म्हणत होता, "चल, अगले महीने का बघू." सवयीने म्हणत होता, मनात काही नसायचं. ती सवयीने हसत होती. तिच्या मनात काय असायचं ते माझ्या पानावर उमटत नव्हतं.

गेल्या मंगळवारी माझ्या वारसाचा विषय निघाला. मुदत संपते, नवा करार घ्यायचा. कृतिकाने दोन्ही गावांचा मिळून हलका महिना काढला आणि चौकटीत सात लिहिले. यशराजने या वेळी आकड्याला हात लावला नाही. आता तो लोकांना हलक्या महिन्याचं महत्त्व समजावून सांगतो, जणू काही तो घरातूनच शिकून आला होता.

आबासाहेब खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी विचारलं, हा नवा किती मुदतीचा? यशराज म्हणाला, तीन वर्षांचा.

"आणि ही मुलगी किती मुदतीची?"

कृतिका पडद्याकडे बघत राहिली, म्हणजे माझ्याकडे.

"ज्या यंत्रास तू डोळ्यांनी पाहिलं नाहीस, त्यास तीन वर्षांचा शब्द देतोस," आबासाहेब म्हणाले. "आणि ही रोज समोर बसते, हिला दर महिन्यास बघू म्हणतोस. हा आपल्या घरचा शिरस्ता नव्हे, यशराज."

यशराज कानापर्यंत लाल झाला. खरं तर माणूस वाईट नाही, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो कृतिकाला म्हणाला, तुझं नेमणुकीचं पत्र तूच टाइप कर, मी सही करतो. तिने टाइप केलं. पगार होता तोच लिहिला, काम होतं तेच लिहिलं, आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने वाचला. "मुदत एक साल? तीन का नाही लिहिलेस?"

"भैया, हलका महीना देखके लिखा," ती म्हणाली.

टोमणा नव्हता. हिशेब सांगावा तसं ती सरळ सांगत होती. ती तीन वर्षं स्वतःला भाड्याच्या मशीनच्या रांगेत मोजत होती, हे मला त्या क्षणी समजलं. मला, एका कराराला, लाज वाटली.

यशराजने पेन काढलं. 'एक साल' खोडलं आणि वर हाताने 'कायम' लिहिलं. कृतिकाने तो मराठी शब्द दोनदा वाचला. मग पाणी पिऊन येते म्हणाली आणि बराच वेळ आली नाही.

पुढच्या आठवड्यात मी संपेन. कोणाला कळणारही नाही. त्याच मिनिटाला माझा वारस रुजू होईल आणि मंडीतल्या पर्च्या एकही न चुकता फोनवर जात राहतील. मला त्याचं वाईट वाटत नाही, कराराने वेळेवर संपावं हेच बरं. जाता जाता एवढंच विनवतो. यंत्रांना शब्द देताना हलका महिना खुशाल बघा, त्यात शहाणपण आहे. पण समोर बसलेल्या माणसावर तो हिशेब स्वतःलाच लावायची वेळ आणू नका.