तिसरा सूर तुटतो

माझं काम ऐकायचं. डोंगरावरचं जंगल परत उभं करायला तीन खोऱ्यांनी करार केला. पहिल्याने रोपं द्यायची, दुसऱ्याने पाखरांची अंडी, आणि आमच्या खोऱ्याने अंडी उबवायची, पिल्लं सोडायची, वर कान लावून बसायचं. म्हणजे सगळं आमच्याच गळ्यात. उतारावरच्या झाडांना आवाज टिपणारी यंत्रं बांधलीयत. त्यांतलं मी दिवसभर ऐकते आणि प्रत्येक नोंदीवर लिहिते: पक्षी, जनावर, वारा, माणूस. ऑफिसात मला कानसेन म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना बसवा तासभर पानांवरून पाणी ठिबकताना ऐकत, मग बघू.

एक नियम मात्र कडक. माणसाचा आवाज आला की 'माणूस' लिहून ती नोंद बंद करायची. पुढे ती कोणी ऐकायची नाही, मोजायची नाही. सरपणाला वर जाणाऱ्या लोकांना तसा शब्द दिलाय, आणि बरोबरच आहे. कोण कोणाला शिव्या घालतंय ते आम्हाला कशाला हवं?

हा नियम मी जवळजवळ वर्षभर चोरासारखा वापरला.

पिल्लं वाढवायचं काम माझ्या दादाकडे होतं. बियापाखरू म्हणतो आम्ही त्याला. ते फळं खातं आणि बिया वर कड्यापर्यंत नेऊन टाकतं, जिथे रोप घेऊन माणूस चढूच शकत नाही. ते नाही तर वरचं जंगल नाही. आमच्या उतारावरून ते तीस वर्षांपूर्वी गेलं. पिल्लं शीळ थोरांकडून शिकतात, आणि इथे थोर कोणी उरलंच नव्हतं, म्हणून दादा रोज सकाळी पडद्याआड बसून त्यांना शीळ घालून दाखवायचा. पाच सूर. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे तिसऱ्या सुराला नुसतंच फस्स व्हायचं.

"अरे, खऱ्या पाखराची टेप लाव की," मी म्हणायची.

"टेपला पिल्लांची माया नसते," म्हणायचा. असली उत्तरं द्यायची त्याला सवयच होती.

अकरा पिल्लं पायात कडी घालून उतारावर सोडली. दादा त्यांना बघायला रोज वर जायचा. तिसऱ्या आठवड्यात तो वर असतानाच दरड आली. दादा सापडला नाही. सात पाखरांच्या पायांतली कडी मातीत मिळाली. उरलेली चारही गेली असं सगळे धरून चालले.

दहा महिन्यांनी, दुपारी चहा पीत ऐकत होते, तेव्हा हेडफोनमध्ये शीळ आली. पाच सूर. तिसरा तुटका. मी गर्रकन मागे वळले. मागे फायलींचं कपाट होतं.

नोंदीवर मी 'माणूस' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? सख्खा भाऊ मला ओळखू येणार नाही? मग शीळ येतच राहिली, कधी कड्याखालून, कधी ओढ्याकडून, पहाटेची, भर उन्हातली. माझ्या अंगावर काटा यायचा आणि तरी मी कामावर दहा मिनिटं आधीच पोचायची. दादा गेलेला नाही, नुसता खाली येत नाहीये, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वेगळंही काही असू शकेल हे आत कुठेतरी कळत होतं. पण ते मला कळून घ्यायचंच नव्हतं. अशा दोनशे चौदा नोंदी मी बंद केल्या. मोजून.

मग अहवाल गेला, माझ्याच सहीचा: उतारावर एकही बियापाखरू नाही. पाखरू नाही तर तिथे रोपं लावून उपयोग काय, असं बाकीची दोन खोरी म्हणाली. उतार करारातून वगळायचा, सोमवारी सह्या. आमच्या समन्वयक बाईंनी मला बोलावलं आणि यंत्रं काढून आणायला सांगितलं. मी "बरं" म्हटलं.

वहिनी रोपवाटिकेत असते. दरड आल्यापासून ती उताराकडे फिरकली नव्हती. "मीही येते," म्हणाली. "एकदा बघू दे ती जागा."

दरडीच्या लाल मातीपाशी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. तिथे माझा धीर सुटला आणि मी तिला सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होती, मग तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"माझा नवरा वर्षभर तुझ्या कानात होता, आणि तू एकटीच ऐकत बसलीस? मी कोण लागते गं त्याची?"

तेवढ्यात शीळ आली.

समोरच्या दाट झाडीतून. पाच सूर, तिसरा फस्स. वहिनी होती तिथेच मातीत बसली. "अगंबाई," एवढंच म्हणाली. मी "दादा!" अशी हाक मारली, मोठ्याने. लाज वाटली नाही.

उत्तर आलं ते मात्र पाठीमागून, ओढ्याकडून. तीच शीळ, तोच तुटका सूर. आणि ती संपायच्या आत समोरून परत दुसरी. दोन्ही एकदम.

दादाला तोंड एकच होतं.

मग आमच्या डोक्यावरच्या फांदीवरून तिसरी आली, कच्ची. वर बघितलं तर बियापाखराचं पिल्लू. त्या पिल्लाला पहिले दोन सूर धड जमत नव्हते, चौथा तर विसरलंच. तिसरा मात्र त्याने बरोब्बर मोडला. पायात कडं नव्हतं. म्हणजे इथेच जन्मलेलं, दादाला कधीही न पाहिलेलं.

आनंद व्हायला हवा होता ना? मी ढसाढसा रडले. वर्षभर जपून ठेवलेला माझा भाऊ त्या पिल्लाने एका फटक्यात मारून टाकला. वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रागावलेली होती तरी.

यंत्रं काढली नाहीत. सोमवारी तिन्ही खोऱ्यांच्या लोकांसमोर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. उतार करारात राहिला. मला मात्र पुढे एकटीने सही करायची नाही असं ठरलं, आणि ते योग्यच झालं.

मी बंद केलेल्या शिळेच्या नोंदी पुन्हा ऐकायच्या होत्या. वहिनी शेजारी येऊन बसली, एकेक कान वाटून घेतला. 'माणूस' खोडायचं, 'पक्षी' लिहायचं. चार दिवस लागले. शेवटी एक उरली, सगळ्यांत जुनी, दरडीच्या दोन दिवस आधीची. तेव्हा पहिला सूर कानी पडताच मी ती नियमाप्रमाणे बंद केली होती, पुढचं ऐकलंच नव्हतं.

शीळ झाली. मग धाप लागलेला दादाचा आवाज. "अरे, बोला की रे कोणीतरी."

पुढे नुसता वारा. बराच वेळ. त्याला कोणीच उत्तर दिलं नव्हतं.

ती नोंद मी होती तशीच ठेवली. वहिनीने हेडफोन कानाशी दाबून धरला होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बोलतायत ना आता."