मेंबरसाहेबांचा ओला फेटा

ब्राह्मणपुरीच्या चुडामण पाटलांच्या घरात त्या पावसाळ्यात जी अडचण उभी राहिली, ती तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी उभी राहते. पाटलांना एका ठिकाणी जायला हवं होतं आणि जावंसं वाटत नव्हतं.

साल १९३७. त्या पावसाळ्याआधीच्या हिवाळ्यात पश्चिम खानदेशातून पाटील मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर निवडून गेले होते. निवडून गेले म्हणजे काय झालं, ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बैलांची शिंगं रंगवली, जिलेब्या तळल्या, गाडीतून मिरवणूक काढली आणि पाटलांचे 'मेंबरसाहेब' झाले. कायदेमंडळ पावसाळ्यात पुण्याला भरतं, तिथून बोलावणं आलं, तेव्हा पाटील ओसरीवर पाय पसरून सुपारी कातरत होते.

"बोलावणं उनं शे ना?" बायको छबूबाई म्हणाली. "मंग उठा ना!"

"तापी उतरा, नंदुरबारले गाडी धरा, सुरत करा, मुंबई करा, मंग पुनं! अन तठे जाईसन काय, बाकावर बठनं!" पाटील म्हणाले. "बठानंच शे तं आठे काय वाईट बठेल शे मी?"

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला पटायचं नाही. पंच सतरंजीवर बसतात, तेव्हा एखाद्या पंचाला ताप असला किंवा पेरणी असली, तर तो आपला फेटा पाठवतो. फेटा त्याच्या जागेवर ठेवतात आणि माणूस हजर आहे असं धरून न्याय उरकतात. पाटलांनी हीच रीत पुण्याला लावायची ठरवली. मेव्हण्याला, मगनला, बोलावलं आणि आपला केशरी फेटा बांधल्या आकारातच पत्र्याच्या पेटीत ठेवून त्याच्या हाती दिला.

"दाजी, तठे हाई चाली का?" मगननं भीत भीत विचारलं.

"आठे चालस तं तठे बी चाली. मन्हा बाकावर ठेव अन बाजूले उभा ऱ्हाय."

हसू नका, मंडळी. दारावरचा पट्टेवाला आमच्या खानदेशातलाच निघाला. मेंबरसाहेब मागून येताहेत असं समजून त्यानं फेटा बाकावर ठेवू दिला. दिसायलाही फेटा रुबाबदार होता. डोकं सोडलं तर त्यात काही कमी नव्हतं.

आठवड्यानं मगन परत आला तो ओरडतच.

"दाजी, तुमना फेटानी मत दिन्हं!"

झालं होतं ते असं. सरकारचा खर्च वाचवायचा म्हणून नदी ओलांडायच्या लहान उतारांवरच्या सरकारी होड्यांचा पैसा बंद करावा, असा प्रस्ताव आला. हो म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते. नेमका तेव्हाच वरचा विजेचा पंखा फिरू लागला. वारं फेट्यात शिरलं, मागे लोंबणारा शेमला हळूहळू उठला आणि हातासारखा ताठ उभा राहिला. मोजणाऱ्या कारकुनानं तो मोजला. प्रस्ताव एका मतानं पास झाला! अखेरचं मतदान तेवढं पुढच्या आठवड्यात व्हायचं होतं.

पाटील मांडीवर थाप मारून हसले. "देखा! मन्हा फेटा बी हुशार शे!"

"पन दाजी," मगन खाली बघत म्हणाला, "आपला उताराची होडी बी त्यामा शे."

पाटलांचं हसू थोडं आखडलं. मग त्यांनी फेटा खुंटीवर टांगला आणि ते जेवायला बसले.

पहिला घास तोंडाशी नेला आणि आवाज आला. टप. पुन्हा टप. खुंटीखाली पाण्याचं थारोळं साचत होतं. पेटीत पाणी शिरलंच नव्हतं, मगन आईची शपथ घेऊन सांगत होता. फेटा पिळला, झटकला, उन्हात ताणून वाळत घातला. उन्हात आजूबाजूची धोतरं कडक झाली आणि फेटा मात्र गळतच राहिला. छबूबाईनं खाली परात ठेवली. परातीत गढूळ, तांबूस पाणी जमलं आणि तळाशी बारीक वाळू बसली. ते पाणी कुठलं आहे ते तिनं वासावरून ओळखलं. तिनं परात बाहेर नेली आणि नदीच्या दिशेला तोंड करून ओतली.

दोन दिवसांनी दिवेलागणीच्या वेळी पाटील ओसरीवर एकटेच होते, तेव्हा फेट्यातून कुणीतरी बोललं. आवाज लांबचा होता, पाण्यावरून यावा तसा.

"होडी शे का?"

पाटलांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. अंगणात कुणी नव्हतं. पाटलांनी फेटा उचलून कोठीत कोंडला. मग दाराआडून तोच प्रश्न आला. त्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. काठावर उभा राहून वाट बघणारा माणूस विचारतो, तसाच तो विचारत होता.

दुसऱ्या दिवशी दाखूबाई आली. दाखूबाई म्हणजे शहाद्याच्या बाजारातली मारवाडी विधवा. धान्याचं दुकान तिच्या नावावर होतं, म्हणून बायकांमध्ये मोजक्याच जणींना मिळालेला मताचा हक्क तिला होता. तिच्यामागे धनुबाई होती. धनुबाई तापीच्या काठच्या झोपड्यांतली भिल्ल बाई. आदल्या पावसाळ्यात होडी दुरुस्तीविना पडून होती, तेव्हा तिचा मुलगा चैत्या नंदुरबारहून बायकोसाठी औषध आणायला वाळक्या भोपळ्यांच्या आधारानं तापीत उतरला. भोपळे खालच्या गावात सापडले. चैत्या सापडला नाही.

"चुडामण," दाखूबाई पायरीवर बसत म्हणाली, "होडी बंद व्हई ऱ्हायनी, असं ऐकं. तू तठे काय बोलना?"

"मी कोठे गयथू, दाखूमाय? फेटा गयथा."

"वा! अन मत बी फेटानीच दिन्हं?"

"वारानी दिन्हं," पाटील पुटपुटले.

दाखूबाई हसली नाही. "बरं. मंग आते हाई बाईले तूच सांग, होडी कसाले गई ते."

पाटील चिडले. माणूस कोंडीत सापडला की आधी चिडतो. "दाखूमाय, तुन्हं मत शे. तुले ईचारानं हक शे. पन धनुबाईनी माले मत कोठे दिन्हं? हिन्हं नाव तरी शे का मतदारमा?"

"नही," दाखूबाई म्हणाली. "सारा भरेल नही, साळा शिकेल नही, म्हनीसन हिले मत नही. पन तापी काय मत ईचारीसन बुडावस का रे? आमना जिल्हामाईन मुंबईले पाचसहा जन जातस. दिल्लीले तं मोठमोठा जिल्हा मियीसन एक जास. तठे तुले बठाडतस ते तू चुडामण शे म्हनीसन नही. आमी समदा तठे मावत नही, म्हनीसन एक मानूस धाडतस. ज्यानी मत दिन्हं त्याना बी तू, ज्याले मत नही त्याना तं अजून जास्ती. त्याले दुसरं तोंडच नही!"

पाटलांनी अडकित्ता उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"अन चूक तुन्ही एकलानी नही," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "मी बी जिलेबी खादी अन मत दिन्हं. तू तठे काय बोलशी, ते ईचारंच नही मी. धाडेल मानूसले ईचारं नही, तं तो फेटाच धाडी."

तेवढ्यात कोठीच्या दाराआडून आलं: "होडी शे का?"

दाखूबाईच्या हातातली जपमाळ थांबली. पाटलांनी डोळे मिटून घेतले. धनुबाई मात्र उठली, दाराजवळ गेली आणि कडीवर हात ठेवून, झोपलेल्या पोराशी बोलावं तसं बोलली.

"थांब रे चैत्या. ईचारी ऱ्हायनू."

मग वळून तिनं पाटलांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं! तिनं शिव्या दिल्या असत्या, तरी पाटलांना बरं वाटलं असतं. तिच्या मुलाचा प्रश्न आता त्यांच्या घरात राहायला आला होता आणि उत्तर देण्याचं काम गावानं त्यांनाच मिरवत नेऊन दिलं होतं!

"छबू!" पाटील ओरडले. "मन्ही पिशवी भर!"

त्यांनी कोठी उघडली, गळणारा फेटा उचलला आणि तसाच डोक्याला गुंडाळला. पाणी कानावरून गळ्यात, गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. पाटील शहारले, पण फेटा काढला नाही.

तापी दोन्ही थड्या भरून चालली होती. पाण्यावर राखेसारखं धुकं होतं आणि दुपार असून पलीकडचा काठ दिसत नव्हता. भिला नावाडी म्हणाला, "पाटील, हाई शेवटनी खेप ऱ्हाई बहुतेक. मंग होडी सरकार लई जाई."

होडीत दोघंच होते. मध्य पात्रात वल्ह्यांचा आवाज एकाएकी थांबला. भिला वल्ही मारत होता, पाणी उडत होतं, पण आवाज येत नव्हता. आणि त्या शांततेत, होडीच्या अगदी कडेला, पाण्याच्या पातळीवरून:

"होडी शे का?"

भिलानं वल्हं छातीशी धरलं. पाटलांचे दात वाजू लागले. आजवर ते या आवाजापासून पळत आले होते. आता पळायला जागा नव्हती, चहूकडे पाणी होतं! आणि तेव्हाच त्यांना कळलं की इतक्या दिवसांत त्या बिचाऱ्याला कुणी साधं उत्तरसुद्धा दिलेलं नाही.

"शे!" पाटील धुक्यात ओरडले. "शे रे चैत्या! होडी शे! ये, बठ!"

होडी एका बाजूला कलली. कुणीतरी कडेला हात टेकून वर चढावं, तशी कलली आणि पुन्हा सरळ झाली. पाणी काठोकाठ आलं. भिला पुढे आयुष्यभर सांगायचा, तिथून पलीकडच्या काठापर्यंत त्यानं तीन माणसांचं ओझं वल्हवलं. काठ लागला, तशी होडी आपोआप वर उचलली गेली आणि ओल्या वाळूवर, पाटील उतरायच्या आधीच, पावलं उमटत नंदुरबारच्या वाटेला लागली.

पुण्याला पाटील बाकावर बसले, तेव्हा फेटा अजून गळत होता. शेजारचे मेंबर सरकून बसले. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सभासदांच्या फेट्यातून पाणी गळत आहे."

पाटील उठले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि पुण्याचं मराठीही धड नव्हतं.

"साहेब, हे आमच्या तापीचं पाणी आहे," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "मागच्या खेपेला मी आलो नव्हतो, माझा फेटा आला होता. त्याच्या नावावर जे मत पडलं, ते वाऱ्याचं होतं. होडी नव्हती म्हणून आमच्याकडचा एक माणूस बायकोचं औषध आणता आणता गेला. त्याला मत नव्हतं. पण मी त्याचाच मेंबर आहे, आणि मी होडी मागायला आलो आहे."

बोलणं एवढंच झालं. हात मोजले गेले. मागच्या वेळी एका मतानं गेलेल्या होड्या एका मतानं परत आल्या. पाटील खाली बसले, सवयीनं फेट्याला हात लावला आणि हात कोरडा निघाला!

नागरिक बंधुभगिनींनो, तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतो. मारतो की! थोड्या मारतोच. फेट्यातून नदी गळत नसेल. पण तुम्ही धाडलेला माणूस रिकाम्या बाकावर रिकामा फेटा ठेवून घरी बसला, तर वारं ज्या बाजूचं असेल त्या बाजूला तुमचं मत जातं, यात कणभर थाप नाही. निवडून देणं म्हणजे मिरवणूक नव्हे. आपल्या मुलखातला जो सगळ्यात दूर, सगळ्यात मुका, त्याचा प्रश्न घेऊन एक जिवंत माणूस पाठवणं. आणि पाठवल्यावर त्याला विचारत राहणं!

ब्राह्मणपुरीनं विचारत राहण्याची ही नवी रीत तेव्हापासून पाळली. पंचांच्या सतरंजीवर फेटा ठेवणं बंद झालं. आणि दर पावसाळ्यात पुण्याचं बोलावणं आलं की धनुबाई पाटलांच्या ओसरीवर यायची. खुंटीवरच्या फेट्याला हात लावून बघायची. "कोरडा शे," म्हणायची आणि निघून जायची.

एके वर्षी पाटलांना थोडा आळस आला. धनुबाईनं हात लावला, ओली बोटं नाकाशी नेली आणि ती बोटं तिनं त्यांच्यापुढे धरली.

पाटील त्याच पावली पिशवी घेऊन नदीवर गेले. धुकं होतं. भिला कुठे दिसेना. पाटलांनी हाक मारली, "होडी शे का?"

भिला तेव्हा झोपडीत भाकर खात होता, हे त्यानं स्वतः मला सांगितलं. पण पाटलांना धुक्यातून लगेच उत्तर मिळालं.

"शे, पाटील. ये, बठ."