रुमाल टाकलेली जागा

बेटावरचं एखादं ठिकाण बघून झालं की ते काढून ठेवत. सकाळी मंडळींनी दीपगृह बघितलं आणि नाश्त्याला बसेपर्यंत त्या जागी समुद्र होता. सहलीतल्या कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. फोटो निघाले होते, आणि संध्याकाळी सूर्यास्त बघायचा होता.

सूर्यास्ताला प्रमिलाबाई खोपकर सगळ्यांच्या आधी निघाल्या. जागा धरावी तर त्यांनीच. एसटी असो, लग्नाची पंगत असो की नाटक, त्या पुढे धावत आणि शेजारी नवऱ्याचा रुमाल टाकून बसत. खोपकर मागून डुलतडुलत येणार. जन्मात कधी ताटकळायची वेळच आली नसल्यामुळे घाई कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अहो, रुमाल द्या. आणि उठा आता. सूर्य काय तुमच्यासाठी थांबणारे?"

"तू हो पुढे. एवढा चहा घेतो."

चहा झाला, वर आणखी अर्धा झाला. खोपकर निघाले तेव्हा मंडळी परतत होती. टेकडी, कठडा, बाकं सगळं काढून ठेवलं होतं. प्रमिलाबाईही त्या सगळ्याबरोबर गेल्या होत्या, कारण त्या जागेवरून उठल्या नव्हत्या.

"काळजी नको, काका," सहलीचा व्यवस्थापक निनाद म्हणाला. "काढून ठेवतात म्हणजे टाकून देत नाहीत. खाली असतं सगळं."

दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाची होडी होती. मंडळी माशांना बघून लहान मुलांसारखी ओरडत होती. माशांच्या खाली खोपकरांना टेकडी दिसली. सूर्य अर्धा बुडून तिथेच थांबला होता. बाकावर प्रमिलाबाई बसल्या होत्या आणि त्यांचा हात शेजारच्या रुमालावर होता. एक ओलाचिंब माणूस त्यांच्यासमोर थांबला. काचेतून ऐकू काही येईना, पण ते बोलणं खोपकरांना पाठ होतं. इथे कोणी आहे का? आहे, येतायत. माणूस पुढे गेला.

खोपकरांनी काचेवर बोटं आपटली. आधी त्यांना लाज वाटली आणि मग भीती वाटली.

"काका, काच आहे ती," नावाडी म्हणाला.

होडी बघून झाली, ती गेली. शिंपल्यांचा बाजार गेला, नारळाची बाग गेली. खोल्यांच्या भिंती जवळ आल्या, खाटा एकमेकींना चिकटल्या, आणि शेवटी मंडळींनी वाळूच्या एका पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून उभ्यानेच जेवण केलं. जेवण चांगलं होतं, असं सगळे म्हणाले.

निघायच्या सकाळी फक्त धक्का उरला होता. एका बाजूला परतीची बोट होती, दुसऱ्या बाजूला पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी.

"समुद्राच्या तळावरचा फेरफटका तेवढा राहिलाय," निनाद म्हणाला. "कुणाला हौस आहे?"

कुणाला नव्हती. सगळे बोटीत पिशव्या टाकून जागा धरत होते. खोपकर शिडीकडे वळले.

"तुम्ही नका, काका. उतरलात की शिडी काढून ठेवतील."

कुणीतरी चहाचा कप पुढे केला. तो खोपकरांनी घेतला नाही. त्यांनी शिडीला टांगलेला काचेचा टोप डोक्यावर चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते धावले.

तळाशी तांबूस उजेड होता. टोप काढला तरी श्वास येत होता. धापा टाकत ते टेकडी चढले. बाकं माणसांनी भरली होती, रिकामी जागा एकच होती. तिच्यावर त्यांचाच रुमाल होता.

"प्रमिला."

"इथे माणूस आहे," प्रमिलाबाई सूर्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"अगं, मीच तो."

"सगळे तेच म्हणतात. आमचे हे तर सगळं संपल्याशिवाय येत नाहीत."

वर कुठेतरी शिडी ओढल्याचा आवाज झाला. सूर्य अर्धाच होता. प्रमिलाबाईंनी रुमालाची चुरगळलेली कड सरळ केली आणि त्यावर हात घट्ट दाबून धरला.