फोनवरची ताई

टाळेबंदी लागली, संस्थेचं अकोल्यातलं ऑफिस बंद झालं आणि इफ्फत भाड्याच्या खोलीतूनच फोनवर समुपदेशन करू लागली. ज्या शेतकरी घरात कुणी जीव दिला, तिथल्या माणसांना बोलतं करणं हे तिचं काम. आधी ती एसटीनं गावोगाव जाई. परतीच्या वाटेवर संस्थेतल्या सहकारी गोदावरीबाईंशी बोलता बोलता, अकोट येईस्तोवर ऐकलेलं निम्मं हलकं होई.

हिवरखेडच्या देवमनकडे ती बरेचदा जाऊन आली होती. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली त्याचा धाकटा भाऊ चंद्रभान गेला. आई बोले, भावजय रडे, शेजारच्या बाया दारातून डोकावत. देवमन खांबाला टेकून "बरं हाये" एवढंच म्हणे.

फोनवरही तेच चाललं होतं. एकदा मात्र रेंज मिळेना म्हणून तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर गेला.

"कोनी नाही इथं, ताई," तो म्हणाला. फोनमध्ये वारा ऐकू येत होता. "मले चंद्रभानचा राग येते. घरचे रडतात, मले राग येते. सारं माह्या अंगावर टाकून गेला थो. हे मायपुढं कसं बोलू?"

"माझ्याजवळ बोला, दादा."

तो बोलला, बोलता बोलता रडू लागला. समोर असती तर इफ्फतनं पाण्याचा गिलास पुढं केला असता. आता ती फोन कानाशी धरून नुसती बसून राहिली.

"हायेत का, ताई?"

"आहे. ऐकतेय."

त्यानंतर तो धुऱ्यावरूनच बोले. हळूहळू त्याला झोप लागू लागली. भावजयीला सोबत घेऊन त्यानं पेरणीही केली.

इफ्फतच्या खोलीत मात्र हे सगळं साचत गेलं. जिथं ऐकायचं तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. अमरावतीहून अम्मीचा, म्हणजे रजियाबींचा, फोन येई.

"आवाज कायकू बैठी तेरी?"

"कुछ नै, अम्मी."

विश्वासानं सांगितलेलं आईजवळही बोलायचं नसतं.

"आता फोन नाई केला तरी चालते, ताई," एक दिवस देवमन म्हणाला. तिला फार बरं वाटलं. गोदावरीबाईंनी टाळेबंदीतच काम सोडलं होतं; फोन ठेवल्यावर ते सांगायलाही कुणी नव्हतं.

गाड्या सुरू झाल्या तशी ती दुसऱ्या एका घरासाठी हिवरखेडला गेली. स्टँडसमोर देवमन गावातल्या चौघांशी हसत बोलत उभा होता. इफ्फतचा हात अर्धा वर गेला. त्यानं पाहिलं, ओळखलंही. पण लगेच मान खाली घालून तो दुसरीकडे वळला.

तिला लागलं. मग तिच्या ध्यानात आलं, तो बोलला होता ते एका आवाजापाशी. त्या आवाजाला चेहरा असलेला त्याला नको होता. तिनं हाक मारली नाही. ओढणी सारखी करून तिनं किराणावाल्याला सत्यभामाबाईंचं घर विचारलं.

"कोन तुमी त्यायच्या?" त्यानं विचारलं.

"पाहुणी," इफ्फत म्हणाली, आणि त्यानं दाखवलेल्या गल्लीत एकटीच शिरली.