विमानाचे तीन दोर

श्यामकांत बर्व्याला पाण्यातलं कोणी शिकवायला गेलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जन्म रत्नागिरीचा. तिकडे धोका दिसला की होडी काठाला घट्ट बांधतात. म्हणून बान येणार असं मेकॅनिक दिगंबरने सांगताच त्याने आपलं पाण्यावरचं विमान बागबाजारच्या घाटाला तीन दोरांनी जखडून टाकलं.

"साहेब, हुगळीत असं चालत नाही," कलकत्त्यातच वाढलेला दिगंबर म्हणाला. "बान म्हणजे भरतीची भिंत. ती काठावर फुटते. म्हणून नावा मधे जातात."

"तू इंजिन सांभाळ. पाण्याचं मी बघतो."

विमानाखालचे पोकळ फ्लोट यंदा दोनदा फुटले होते, एकदा ओंडक्याने, एकदा नावेने. तिसऱ्यांदा फुटले की कंपनी श्यामकांतला कायमचा टेबलाशी बसवणार होती. उडणं गेलं तर त्याच्यापाशी उरणार काय?

खालच्या अंगाने आरोळ्या आल्या, "बान! बान!" बघता बघता सगळ्या नावांनी काठ सोडला. घाटाला उरलं एकटं विमान. श्यामकांत दोर सोडायला धावला, पण गाठी ओढीने आवळल्या होत्या. दिगंबरने कोयत्याने दोर तोडले.

पाण्यावर विमानाला ब्रेक नसतो. पंखा फिरला तर ते पुढे जातं, थांबला तर प्रवाह नेईल तिकडे. श्यामकांतने मध्य गाठला आणि तिथेच अडकला. पुढे नावा, मागे नावा, पंखांखालीही नावा. त्यातली एक वाहत थेट पंख्यासमोर आली. मडक्यांच्या ढिगाशी एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं मूल. श्यामकांतने कचकचीत शिवी हासडली, रडकुंडीला आला आणि इंजिन बंद केलं.

लाटेने विमान उचललं आणि आपटलं. उजवा फ्लोट एका नावेवर फाटला. ज्या नावाड्यांवर तो रोज "हटो, हटो" म्हणून खेकसायचा, त्यांनीच दोन्ही बाजूंना नावा लावून विमान बांधून घेतलं. भरती सगळ्यांना बराकपूरच्या दिशेने नेऊ लागली.

"साहेब, रिपोर्टात लिहा, इंजिन आपोआप बंद पडलं," फ्लोटमधलं पाणी उपसत दिगंबर म्हणाला. "तुमचं उडणं वाचेल."

"आणि ठपका कोणावर येईल? इंजिन तू सांभाळतोस."

दिगंबरने आणखी एक बादली नदीत ओतली.

श्यामकांतने पेन्सिल काढली. दोर मी बांधले, इंजिन मी बंद केलं, असं लिहून सही केली. मग दिगंबरच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः पाणी उपसू लागला.